सापळ्यातल्या फळमाशा : एकच जात की तीन? ओळखायला मदत हवी

कातळबाग | १२ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात कातळावर आमची हापूसची शंभरेक कलमं आहेत. वडिलांच्या मागे गेली सहा वर्षं मी बघतो. गेल्या हंगामात एका व्यापाऱ्याकडून पाच पेट्या परत आल्या, फळात अळी निघाली म्हणून. वरून फळ निर्मळ, डाग नाही, आणि कापल्यावर कोयीजवळ अळ्या. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

यंदा मार्चपासून बागेत रक्षक सापळे टांगलेत, आत मिथाईल युजेनॉल या फळमाशांना ओढणाऱ्या गंधद्रव्याचा तुकडा. काल एक सापळा उघडून माशा कागदावर ओतल्या. मला तरी त्या एकसारख्या वाटत नाहीत. काहींची पाठ काळी, काहींची विटकरी. काही घरमाशीएवढ्या, काही त्याहून लहान. खतांच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, सगळी फळमाशीच, औषध एकच. औषध एकच असेलही, पण माझ्या आंब्यात अंडी घालणारी माशी नेमकी कोणती हे मला कळायला हवं. माशा डबीत ठेवल्यात. घरात दहा पटीचं भिंग आहे. कसं बघायचं, कुठे बघायचं, कोणी सांगेल का?

नवशिका_कीटकप्रेमी | १२ एप्रिल, रात्री १०.१५

दादा, मोबाईलवर वरून फोटो काढून टाका ना. पाठीवर दोन पिवळे पट्टे आणि पोटावर इंग्रजी टी असेल तर ती बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. माझ्याकडे पेरूवर सापडली होती, मी तशीच ओळखली.

पंखशिरा | १३ एप्रिल, सकाळी ७.०५

कातळबाग, प्रश्न फार चांगला विचारलात, म्हणून सविस्तर लिहिते. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि बारा-तेरा वर्षं फळमाशा जमवते आहे.

नवशिका, तुझा उत्साह आवडला, पण पाठीचा फोटो आणि पोटावरचा टी एवढ्यावर नाव देऊ नकोस. पाठीवर दोन पिवळे पट्टे आपल्याकडच्या निदान तीन जातींना असतात आणि टी दोघींना तरी असतोच. पाठीचा रंग तर सगळ्यात फसवा. तो शेवटी बघायचा.

मिथाईल युजेनॉलला आपल्याकडे मुख्यतः तीन जातींचे नर येतात : बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, बॅक्ट्रोसेरा झोनाटा आणि बॅक्ट्रोसेरा करेक्टा. कातळबाग, तुमच्या डबीत या तिन्ही असण्याची शक्यता आहे. एकेक माशी घेऊन या क्रमाने जा.

आधी पंख. माशी पांढऱ्या कागदावर ठेवा, ओल्या बारीक कुंचल्याने एक पंख पसरा आणि पुढची कड बघा. मुळापासून टोकापर्यंत तपकिरी पट्टी सलग गेली असेल तर डॉर्सालिस. पट्टी मध्येच तुटली असेल आणि पंखाच्या टोकाला वेगळा तपकिरी ठिपका असेल तर झोनाटा किंवा करेक्टा. हे भिंगाशिवायही दिसतं, फक्त पंख मळलेला नको.

मग चेहरा. माशी समोरून बघा. स्पर्शिकांच्या खाली दोन सुटे काळे ठिपके असतील तर डॉर्सालिस किंवा झोनाटा. ते ठिपके एकमेकांना भिडून तोंडाच्या वर आडवी काळी रेघ झाली असेल तर करेक्टा. करेक्टाची ही रेघ एकदा पाहिली की विसरत नाही.

या दोन गोष्टी जुळल्यावर पाठ बघा. करेक्टाची काळी, झोनाटाची विटकरी-तांबूस. डॉर्सालिसची बहुधा काळी, पण तपकिरीही असते, आणि इथेच लोक चुकतात. आकाराने डॉर्सालिस साधारण ७-८ मिलीमीटर, बाकीच्या दोघी त्याहून लहान. पण आकारावर भिस्त ठेवू नका, उपाशी अळीची माशी लहानच निघते.

एक विनंती. सापळ्यात आठवडाभर पडून ओल्या झालेल्या किंवा मुंग्यांनी खाल्लेल्या माशा बाजूला काढा. त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नका. परत रिकामा सापळा लावून दोन दिवसांत उघडा आणि ताज्या माशा घ्या.

कातळबाग | १३ एप्रिल, दुपारी १.३०

ताई, मनापासून आभार. सापळा रिकामा करून लावलाय. मिळालेल्या माशा ठेवायच्या कशा? आमच्याकडे एप्रिलमध्ये दमटपणा एवढा की दोन दिवसांत बुरशी येते. स्पिरिटमध्ये टाकू का?

पंखशिरा | १३ एप्रिल, रात्री ८.५०

रंग बघून ओळखायचं असेल तर स्पिरिट नको. त्यात पिवळा रंग उतरतो आणि पुढे पट्टे शोधत बसावं लागतं. कोणी डीएनए तपासणार असेल तेवढ्यासाठी चार-पाच माशा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळ्या ठेवा. बाकीच्या कोरड्या.

मी कशा ठेवते ते सांगते. जाड कागदाचे सेंटीमीटरभर लांबीचे निमुळते त्रिकोण कापायचे. त्रिकोणाच्या रुंद बाजूतून टाचणी घालायची, टोक किंचित खाली वाकवायचं, त्यावर डिंकाचा ठिपका द्यायचा आणि माशीची उजवी कूस त्याला चिकटवायची. पाठीतून टाचणी कधीही घालायची नाही. बघायच्या खुणा पाठीवरच असतात आणि छिद्र पडलं की त्या गेल्या. थर्माकोलचा तुकडा बसवलेला घट्ट झाकणाचा डबा आणि कोपऱ्यात एक डांबरगोळी, एवढं पुरतं.

आणि चिठ्ठी. माशी कितीही सुंदर चिकटवली तरी चिठ्ठीशिवाय तिचा उपयोग नाही. गाव, तालुका, जिल्हा, तारीख, कोणत्या गंधाला आली किंवा कोणत्या फळातून निघाली, आणि कोणी धरली. हे शिसपेन्सिलीने लिहून त्याच टाचणीवर माशीखाली खोवायचं. "नंतर लिहू" म्हणून ठेवलेल्या माझ्या सुरुवातीच्या दोन डब्यांतल्या माशा आज कुठल्या, कधीच्या, मला सांगता येत नाही. त्या मी शिकवायला वापरते, पण नोंद म्हणून त्या गेल्याच.

जुना_बागायतदार | १४ एप्रिल, सकाळी ६.२०

वाचून बरं वाटलं. आमच्या अंगणातल्या तुळशीवर या माशा बसलेल्या मी लहानपणापासून बघतो. पानं चुरगाळून कट्ट्यावर ठेवली की जास्तच येतात. आई म्हणायची, तुळशीला देवाची माणसं येतात. तुळस आणि हे सापळ्यातलं औषध यांचा काही संबंध आहे का?

पंखशिरा | १४ एप्रिल, रात्री ९.१०

काका, थेट संबंध आहे. तुळशीत मिथाईल युजेनॉल असतं. तुमच्या आईंनी पाहिलेल्या माशा जवळजवळ सगळ्या नर असणार.

या शोधाची गोष्ट आपल्याच देशातली आहे. बिहारमध्ये पुसा इथे तेव्हा शेती संशोधनाची मोठी संस्था होती. तिथले कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांच्या लक्षात आलं की सिट्रोनेलाच्या तेलाकडे फळमाशा झेपावतात. हे तेल आपल्या गवती चहाच्या भाऊबंद गवताचं. आलेल्या सगळ्या माशा नर निघाल्या. हे त्यांनी १९१२ साली लिहिलं आणि १९१५ मध्ये मिथाईल युजेनॉलपर्यंत पोचले. आज जगभर टांगल्या जाणाऱ्या या सापळ्यांचं मूळ तिथे आहे.

यातून आपल्या कामाची एक गोष्ट निघते. सापळा फक्त नर धरतो आणि अंडी मादी घालते. सापळ्यातल्या माशा सांगतात की या परिसरात कोणकोणत्या जाती फिरतायत. तुमच्या हापूसमधली अळी कोणाची, हे त्यांना विचारून कळत नाही. त्यासाठी फळातूनच माशी काढावी लागेल. कातळबाग, याकडे आपण येऊच.

कारलेमांडव | १४ एप्रिल, रात्री १०.००

मी पालघरकडचा. कारली आणि दोडका करतो. माझ्या सापळ्यातल्या माशा या वर्णनात बसत नाहीत. तांबूस, जरा मोठ्या, पाठीवर दोन नाही तर तीन पिवळे पट्टे. झोनाटाच का?

पंखशिरा | १५ एप्रिल, सकाळी ६.५५

नाही. तुमचा सापळा क्यूल्यूर या दुसऱ्या गंधाचा असणार, वेलवर्गीय पिकांना तोच देतात. मधला तिसरा पट्टा हीच खूण. ती झ्यूगोडॅकस कुकर्बिटी. पंखाच्या टोकाला पट्टी रुंद होते आणि पंखातल्या आडव्या शिरेवरही तपकिरी सावली असते. तशीच दिसणारी झ्यूगोडॅकस टाऊ नावाची दुसरी आहे, तिच्या त्या आडव्या शिरेवर सावली नसते. तेवढं तपासून सांगा. ही आशियातली माशी, पण तिला शास्त्रीय नाव मिळालं १८९९ मध्ये हवाईतल्या नमुन्यांवरून. आपल्या मांडवातली माशी समुद्रापार जाऊन ओळखली गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

दूरदेशी | १५ एप्रिल, सकाळी ११.२०

टाऊचं नाव वाचून थांबलो. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, मूळचा सांगलीचा. २०२३ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत हीच टाऊ माशी सापडली आणि तिच्यासाठी क्वारंटाइन लागलं. त्याच सुमारास रेडलँड्स भागात डॉर्सालिस मिळाली. २०२४ च्या सुरुवातीला तिथल्या दोन हजारांहून जास्त घरांच्या अंगणातली संत्री, लिंबं, सगळी फळं सरकारी माणसांनी उतरवून नेली. इथे झाडांना छोटे पांढरे चिकट सापळे टांगलेले दिसतात. त्यात संशयास्पद माशी आली की ती सॅक्रामेंटोच्या प्रयोगशाळेत जाते आणि तिथला माणूस तिचं नाव नक्की करतो. त्या एका नावावर शेकडो घरांचं अंगण अवलंबून असतं.

आपल्याकडून येणाऱ्या नातेवाइकांना मी हात जोडून सांगतो : कढीपत्ता, मिरच्या, आंबे, पेरू बॅगेत आणू नका.

कातळबाग | १६ एप्रिल, रात्री ९.३०

ताज्या ४० माशा मिळाल्या. पत्नी आणि मी काल रात्री बारापर्यंत बसलो. पहिल्या फेरीत पाठीच्या रंगावरून ढीग केले (ताईंनी सांगूनही, कारण डोळा तिकडेच जातो) : काळ्या ३०, विटकरी ८, आणि दोनांचे पंखच नव्हते.

मग पंख पसरून बघायला लागलो. विटकरी आठांपैकी सहा जणींच्या पंखाची पट्टी टोकापर्यंत सलग! म्हणजे त्या डॉर्सालिस. फक्त दोघींची पट्टी तुटलेली आणि टोकाला ठिपका. उलट काळ्या तीसमधल्या नऊ जणींच्या पंखाला ठिपका निघाला. त्यांचा चेहरा बघितला तर आडवी काळी रेघ, अगदी काजळ ओढल्यासारखी. पत्नीलाच आधी दिसली.

तर डॉर्सालिस २७, करेक्टा ९, झोनाटा २, आणि दोन सोडून दिल्या. बरोबर आहे का?

पंखशिरा | १७ एप्रिल, सकाळी ७.३०

फोटो बघितले. बरोबर आहे. वहिनींना विशेष शाबासकी. न ओळखता येणाऱ्या दोन सोडून दिल्यात, हे मला सगळ्यात आवडलं. ओढूनताणून नाव देण्यापेक्षा चिठ्ठीवर "बॅक्ट्रोसेरा, जात अनिश्चित" लिहिणं केव्हाही चांगलं.

त्या सत्तावीस जणींच्या पायांच्या मांड्याही एकदा बघा. पिवळट स्वच्छ असतील तर ठीक. गडद डाग असतील तर थांबा, कारण दक्षिणेकडे डॉर्सालिससारखीच बॅक्ट्रोसेरा कॅरिए नावाची माशी आहे आणि तिचे नरही याच गंधाला येतात. सिंधुदुर्ग काही तिकडून फार लांब नाही.

नवशिका_कीटकप्रेमी | १७ एप्रिल, दुपारी ४.४५

ताई, मी माझा पेरूवरचा फोटो परत उघडला. पंख मिटलेला आहे, चेहरा दिसतच नाही. मी जे नाव दिलं होतं ते काढून टाकलं. एक विचारू? ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात बॅक्ट्रोसेरा पापाये, फिलिपिनेन्सिस, इन्व्हेडन्स अशी नावं आहेत आणि सगळ्यांची चित्रं डॉर्सालिससारखीच. त्या वेगळ्या कशा ओळखायच्या?

पंखशिरा | १७ एप्रिल, रात्री ९.५५

ओळखायच्या नाहीत, कारण त्या वेगळ्या नाहीतच. डॉर्सालिसला हे नाव १९१२ साली तैवानच्या नमुन्यांवरून मिळालं. पुढे १९९४ मध्ये पापाये आणि फिलिपिनेन्सिस या तिच्यासारख्याच दोन जाती वेगळ्या काढल्या गेल्या. २००३ मध्ये केनियात एक नवीच फळमाशी दिसली, ती आफ्रिकाभर पसरली आणि २००५ मध्ये तिला इन्व्हेडन्स म्हटलं गेलं. शरीररचना, डीएनए, गंध, आपसात संकर होतो का, असं सगळं तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष निघाला की या तिन्ही म्हणजे डॉर्सालिसच. बॅक्ट्रोसेरा कॅरम्बोले ही तशीच दिसणारी आणखी एक जात मात्र वेगळी राहिली.

हे मी मुद्दाम सांगते आहे. तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवलेल्या जातीही वीस वर्षांनी एक झाल्या. पण ज्यांनी नमुने जपून ठेवले होते, चिठ्ठ्या नीट लिहिल्या होत्या, त्यांचं काम वाया गेलं नाही. नाव बदललं, तरी माशी आणि तिचं गाव-तारीख तिथेच होतं.

अंजीरबाग | १९ एप्रिल, सकाळी ८.१०

पुरंदरहून. आमच्या पिकलेल्या अंजिरावर अगदी बारीक माशा असतात, तीनेक मिलीमीटर. यापण फळमाशाच ना? मिथाईल युजेनॉल लावून बघितलं, एकही आली नाही.

पंखशिरा | १९ एप्रिल, रात्री ८.३०

मराठीत आपण दोन्हीकडे "फळमाशी" म्हणतो, त्यामुळे हा गोंधळ होतो. कातळबागची माशी चांगल्या फळात भोक पाडून अंडी घालते. तुमची बहुतेक ड्रोसोफिलाच्या कुळातली, आंबत आलेल्या फळावर येणारी. कूळ वेगळं, गंध वेगळा. ती मिथाईल युजेनॉलला येणार नाही, कुजक्या केळ्याला किंवा व्हिनेगरला येईल.

पाठीवर डोक्याकडून मागे जाणाऱ्या चंदेरी-पांढऱ्या रेघा आहेत का, काळ्या कडांच्या?

अंजीरबाग | २० एप्रिल, सकाळी ७.४५

आहेत! भिंग नव्हतं, मुलाच्या मोबाईलवर मोठं करून बघितलं. रेशमाचा दोरा ओढल्यासारख्या.

पंखशिरा | २० एप्रिल, दुपारी २.००

मग ती झॅप्रिओनस इंडियानस. नावात इंडिया आहे कारण १९७० मध्ये तिचं वर्णन भारतातल्या नमुन्यांवरून झालं. मूळ मात्र आफ्रिकेकडचं. १९९९ मध्ये ती ब्राझीलला पोचली आणि तिथल्या अंजिरांचं मोठं नुकसान केलं. अंजिराच्या तळाचा डोळा फळ पिकताना उघडतो, तिथे ती अंडी घालते. म्हणून फळ झाडावर जास्त पिकू देऊ नका आणि खाली पडलेली रोज उचला.

बाकीच्या ड्रोसोफिला ओळखण्यात मात्र पंखावर फार काही मिळत नाही. तिथे नराच्या पुढच्या पायावरचा काळ्या केसांचा बारीक कंगवा बघावा लागतो, तो किती ओळींचा आणि पायाच्या कोणत्या पेरावर आहे हे. त्याला दहा पटीचं भिंग पुरत नाही. तो विषय मोठा आहे, वेगळा धागा काढू.

कातळबाग, आता फळातून माशी काढायची वेळ झाली. बागेतली गळलेली, डंख लागलेली फळं गोळा करा. एका बादलीत चार बोटं चाळलेली कोरडी वाळू घाला, वर जाळीवर फळं ठेवा, म्हणजे रस वाळूत जाणार नाही, आणि तोंड मलमलीने बांधा. आंबा आणि दुसरं फळ एकत्र करू नका. अळी मोठी झाली की अंग वाकवून टुणकन उडी मारते आणि वाळूत शिरून कोष करते. कोष वेचून स्वच्छ बरणीत ठेवा.

माशी बाहेर आली की लगेच मारू नका. नुकती निघालेली माशी फिकी असते, खुणा भरलेल्या नसतात. साखरपाण्याचा बोळा देऊन चार दिवस जगवा, मग रात्रभर फ्रिजरमध्ये ठेवा. पहिल्या वर्षी मी ही घाई केली आणि फिक्या डॉर्सालिसचा अख्खा डबा झोनाटा म्हणून लावला. दोन वर्षांनी पंख बघितले तेव्हा कळलं. तोवर ती यादी मी तिघांना दिली होती. तिघांनाही फोन करून दुरुस्ती सांगितली.

कातळबाग | १३ मे, रात्री १०.१०

मंडळी, उशीर झाला, हंगाम ऐन भरात होता. आढ्या लावायच्या, पेट्या भरायच्या, त्यातून बादल्या सांभाळल्या.

दोन बादल्या केल्या होत्या. एकीत हापूस, दुसरीत घरामागच्या पेरूची फळं. हापूसमधून ६४ माशा निघाल्या. चार दिवस जगवून एकेकीचा पंख आणि चेहरा बघितला. सगळ्या डॉर्सालिस, नर आणि माद्या दोन्ही. मादीचं टोकदार शेपूट पहिल्यांदा बघितलं. ते बघताना परत आलेल्या पाच पेट्या डोळ्यांसमोर आल्या. पेरूमधून ३१ निघाल्या, त्यात डॉर्सालिस १९ आणि करेक्टा १२. झोनाटा कशातूनच नाही. सापळ्यात आलेल्या त्या दोघी कुठल्या फळावर वाढल्या कोण जाणे.

पेरूचं झाड वडिलांनी लावलेलं, बागेपासून वीस पावलांवर. त्याची पडलेली फळं कोणी उचलत नव्हतं. आता रोज उचलतो.

पण एक अडचण आहे. हापूसच्या कोषांतून या माशांबरोबर आणखी सात-आठ बारीक माशा निघाल्या. तांबूस-काळ्या, कंबर बारीक, स्पर्शिका अंगापेक्षा लांब, मागे दोऱ्यासारखं शेपूट. तुमच्या कुठल्याच वर्णनात बसत नाहीत. ही चौथी जात का?

पंखशिरा | १४ मे, सकाळी ६.३०

कातळबाग, त्यांचे पंख मोजा. माशीला पंख दोनच असतात आणि मागे दोन बारीक बोंडं.

कातळबाग | १४ मे, सकाळी ७.२०

चार आहेत.

पंखशिरा | १४ मे, सकाळी ७.४०

मग ती माशी नव्हे. ती ब्रॅकोनिड कुळातली परजीवी, गांधीलमाशीच्या गणातली. फळमाशीच्या अंड्यात किंवा अळीत ती स्वतःचं अंडं घालते. तिचं पिल्लू फळमाशीला आतून खातं आणि कोषातून फळमाशीच्या जागी तीच बाहेर येते. तुमच्या बागेत ती आपणहून आहे. तिचे दोन नमुने चिठ्ठीसह ठेवा, बाकीच्या आजच बागेत सोडा.

आणि गळलेली फळं पुरताना किंवा जाळताना आता विचार करा, कारण त्यांच्याबरोबर हीही मरते. हवाईत यासाठी एक युक्ती करतात. पडलेली फळं बंद तंबूत टाकतात आणि वर अशी जाळी लावतात की परजीवी तिच्यातून निघून जाईल, फळमाशी अडकेल.

कातळबाग | १४ मे, सकाळी ८.०५

उरलेल्या सहा सोडल्या. जाळी किती छिद्राची घेऊ?

पंखशिरा | १४ मे, सकाळी ८.१५

बाजारातून तीन-चार प्रकारच्या जाळीचे वीतभर तुकडे आणा. पुढचे कोष फुटले की एका बरणीत फळमाशा आणि या परजीवी एकत्र ठेवा, तोंडाला एकेक तुकडा बांधून उजेडाकडे धरा. फळमाशा चार दिवसांच्या घ्या, नुकत्या निघालेल्या मऊ असतात आणि दाबून बाहेर पडतात. ज्या तुकड्यातून हीच बाहेर येईल आणि एकही फळमाशी येणार नाही, ती तुमची जाळी.

कातळबाग | २९ मे, रात्री ९.००

दोन तुकड्यांतून दोघीही गेल्या. एकातून कोणीच नाही. चौथ्या तुकड्यातून परजीवी पाचच्या पाच बाहेर, फळमाशा बारा आतच. त्याच जाळीचे तीन मीटर घेतलेत. पाऊस यायच्या आत पेरूखाली तंबू उभा करतो.